पिंजरा तोच, पक्षी निराळा

मराठी घरातला पिंजरा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रिकामा झाला नाही. त्यातला पक्षी तेवढा बदलला. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, वाड्याच्या पडवीत किंवा चाळीच्या गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यात हिरवा राघू असे. आज सोसायटीच्या बाल्कन्यांकडे नजर टाकली, तर तिथे करड्या अंगाचा, पिवळ्या तोंडाचा, गालावर शेंदरी ठिपका असलेला आणि डोक्यावर तुरा मिरवणारा पक्षी दिसतो. दुकानदार त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात, पोरे हसतात आणि तेच नाव घरात रुळते. त्याचे खरे नाव कॉकटील. तो ऑस्ट्रेलियाचा.

हा बदल हौसेचा, फॅशनचा असे समजले जाते. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत बसणे, जुने अंक चाळणे आणि घरातल्या दोन कॉकटीलांकडे पाहत राहणे, एवढेच माझे शिक्षण. पण या वाचनातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसत गेली. राघूच्या जागी कॉकटील आला तो कायद्यामुळे, जहाजांमुळे आणि दूरदेशीच्या पैदासखान्यांमुळे. पक्षी आला, त्याच्याविषयीचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर आले नाही. आपण राघूचीच रीत नव्या पक्ष्याला लावली. तीच डाळ-मिरची, तोच घुमटाकार पिंजरा, तोच एकटेपणा. म्हणून कॉकटीलची निगा हा विषय मला आधी इतिहासाचा वाटतो आणि मग पशुवैद्यकाचा.

राघूचे घर

पोपट पाळण्याची आपली परंपरा फार जुनी. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये शुक-सारिकांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातल्या एका बोलक्या पक्ष्याचे वर्णन केले. तो आपल्या देशाची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे त्याने लिहून ठेवले. अमरुशतकातला पोपट रात्री ऐकलेले नवरा-बायकोचे बोलणे सकाळी वडीलधाऱ्यांसमोर म्हणू लागतो आणि बिचारी सून डाळिंबाचा दाणा म्हणून कानातले माणिक त्याच्या चोचीत कोंबते. शुकसप्ततीतला पोपट घरधनी परगावी गेला असताना रोज रात्री एक गोष्ट सांगून घरधनिणीला उंबऱ्याआत ठेवतो. ही गोष्टमाला मराठीत ‘शुकबहात्तरी’ म्हणून आली.

या सगळ्या पोपटांत एक गोष्ट समान आहे. पोपट हा घरातला साक्षीदार आहे, बोलणारा आहे आणि एकटा आहे. त्याचा जोडीदार माणूस. आपल्याकडे त्याला ‘विठू विठू’ म्हणायला शिकवले की त्याचे शिक्षण पुरे झाले. न समजता पाठ म्हणण्याला आपण पोपटपंची म्हणतो, आणि अप्रिय बातमी सांगायला कोणी धजत नसले की ‘राजाचा पोपट मेला’ म्हणतो. इतका हा पक्षी भाषेत मुरला.

याच पक्ष्याची दुसरी ओळख शेतात होती. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या कणसांवर उतरणारे पोपटांचे थवे हाकलायला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागे. घरातल्या पिंजऱ्यातला लाडका आणि शेतातला चोर हे एकाच जातीचे होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. पोपट काय खातो, कुठल्या झाडाच्या ढोलीत पिल्ले घालतो, कधी ओरडतो, हे मुद्दाम शिकावे लागत नसे. पिंजऱ्याच्या भोवती जिवंत माहितीचे एक मोठे वर्तुळ होते.

या परंपरेचे मी गोडवे गात नाही. पिंजऱ्यातला प्रत्येक राघू कुठल्यातरी ढोलीतून काढलेला असे. घरटे लुटायचे, पिल्ले टोपलीत भरायची, बाजारात आणायची. वाटेत कितीतरी मरायची. जगली त्यांच्या पंखांची पिसे कापली जात. ‘विठू’ म्हणणाऱ्या पोपटामागे न बोललेल्या पोपटांची मोठी रांग होती.

एका कायद्याची दोन टोके

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तरीही पुढची काही वर्षे देशी पक्ष्यांचा परवानाधारक व्यापार चालू होता आणि परदेशात निर्यातही होत होती. १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांचा व्यापार सरसकट बंद झाला. राघू, मैना, मुनिया, करण पोपट यांची खरेदी-विक्री बेकायदा ठरली. पिंजऱ्यातला राघू एका रात्रीत गुन्ह्याचा मुद्देमाल झाला. चोरटा बाजार पुढेही चालू राहिला, आजही तो पकडला जातो. पण उजळ माथ्याने पक्षी विकू पाहणाऱ्या दुकानदाराला दुसरा माल शोधावा लागला.

हा कायदा देशी वन्यजीवांसाठी होता. ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्याचा पिंजऱ्यात जन्मलेला वंशज त्याच्या कक्षेत येत नव्हता. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत बजरीगर, आफ्रिकेचे लव्हबर्ड, फिंच आणि कॉकटील दिसू लागले. नावांची तर तेव्हापासून गंमतच आहे. बजरीगरला आपल्याकडे सर्रास ‘लव्ह बर्ड’ म्हणतात आणि कॉकटीलला ‘कॉकटेल’. पक्ष्याचे नावही नीट न कळता तो घरात येतो, यातच पुढची सगळी गोष्ट आहे.

आता आंतरराष्ट्रीय बाजू पाहू. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइटीस’ हा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. १९८१ साली या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सगळे पोपटवर्गीय पक्षी घालण्यात आले, मोजके अपवाद सोडून. अपवाद कोणते? बजरीगर, कॉकटील आणि आपला राघू. पुढे २००५ पासून गुलाबी तोंडाचा लव्हबर्डही त्या अपवादांत गेला.

म्हणजे जागतिक यादीने राघू आणि कॉकटील यांना एकाच बाकावर बसवले. दोन्ही विपुल, दोन्ही पिंजऱ्यात सहज वाढणारे, म्हणून दोघांनाही सूट. आपल्या देशातल्या कायद्याने मात्र त्यांची ताटातूट केली. राघू पाळला तर गुन्हा आणि कॉकटील पाळला तर छंद. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण राघू आपल्या रानातून चोरला जातो आणि कॉकटील पैदासखान्यातून येतो. २०२४ मध्ये परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम निघाले, तेही साइटीसच्या यादीवर आधारलेले आहेत. त्यामुळे आफ्रिकन ग्रे किंवा मकाव पाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते, कॉकटील पाळणाऱ्याला नाही.

सूट मिळालेल्या पक्ष्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याची मोजदाद नाही, तपासणी क्वचित. राघूला कायद्याने वाचवले. कॉकटीलला मालकाच्या भल्याबुऱ्यावर सोपवले.

छोटा काकाकुवा

या पक्ष्याचे मूळ शोधायला भाषेपासून सुरुवात करावी. मलायी भाषेत ‘काकातुआ’ म्हणजे तुरेवाला मोठा पोपट. मसाल्यांच्या बेटांवर गेलेल्या पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि बंदराबंदरांतून फिरवला. आपला ‘काकाकुवा’ त्याच घराण्यातला. या शब्दाला लघुत्वाचा प्रत्यय लागून पोर्तुगीज-डच वळणाने ‘कॉकटील’ झाला. म्हणजे छोटा काकाकुवा. गंमत अशी की शास्त्रज्ञांत या पक्ष्याच्या कुळाबद्दल दीर्घकाळ वाद होता. त्याची लांब निमुळती शेपटी पाहून काहींनी त्याला लहान पोपटांत बसवले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या अभ्यासाने निकाल दिला की हा काकाकुव्यांच्याच कुळातला, त्या कुळातला सर्वांत लहान पक्षी. खलाशांच्या बोलीने जे म्हटले होते ते प्रयोगशाळेत खरे ठरले.

जेम्स कुकचे जहाज १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागले. युरोपीय तेव्हा त्या भूमीला ‘न्यू हॉलंड’ म्हणत. १७९२ मध्ये रॉबर्ट कर या स्कॉटिश लेखकाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना त्यात हॉलंड घातले, आणि १८३२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाग्लर याने त्याला जलदेवतेवरून ‘निम्फिकस’ हे प्रजातीचे नाव दिले. तेव्हापासून तो ‘निम्फिकस हॉलंडिकस’. न्यू हॉलंडची छोटी अप्सरा. तिथल्या मूळ रहिवाशांची त्याच्यासाठी आपापली नावे होती. ‘क्वारियन’ आणि पश्चिमेकडचे ‘वीरो’ ही नावे ऑस्ट्रेलियात अजून ऐकू येतात.

जॉन गूल्ड हा इंग्लिश पक्षितज्ज्ञ १८३८ मध्ये पत्नी एलिझाबेथसह ऑस्ट्रेलियात गेला आणि १८४० मध्ये परतला. त्याच्या ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांवरच्या सात खंडांच्या ग्रंथाने या पक्ष्यांचे वेड युरोपभर पसरवले. एलिझाबेथ स्वतः उत्तम चित्रकार होती. त्या ग्रंथातली सुरुवातीची बरीच चित्रे तिच्या हातची. बाळंतपणानंतर १८४१ मध्ये ती गेली. तिच्या मृत्यूनंतर रंगवलेले तिचे एक तैलचित्र आहे, त्यात तिच्या हातावर कॉकटील बसलेला आहे. माणसाच्या हातावर निवांत बसलेल्या कॉकटीलच्या आरंभीच्या प्रतिमांपैकी ही एक. ती मी छापील पुस्तकात पाहिली तेव्हा मला पक्ष्याहून त्या हाताचे आश्चर्य वाटले. तुटलेल्या घराण्याची आठवण म्हणून चित्रकाराने निवडला तो एक पाळीव पक्षी.

हौस वाढली तसा बाजार आला. लंडनच्या पूर्व भागात रॅटक्लिफ हायवेवर चार्ल्स जॅमराख नावाच्या व्यापाऱ्याचे जनावरांचे दुकान होते. बंदरात लागणाऱ्या जहाजांवरून खलाशी वाघापासून पोपटापर्यंत काहीही तिथे आणून विकत. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात बहुतेक पक्षी दगावत. कॉकटील मात्र टिके. कोरड्या दाण्यांवर जगणारा, फारसा न चावणारा आणि लाकडी पेटी दिली की तीत अंडी घालणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात त्याची पैदास घरोघर होऊ लागली.

१९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने आपल्या जिवंत पक्ष्यांच्या व्यापारी निर्यातीला बंदी केली. याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. आपल्या बाल्कनीतल्या कॉकटीलचे पूर्वज साठ-पासष्ट वर्षांहून अधिक काळ, पिढ्यान्‌पिढ्या, पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. बंद वर्तुळातच जोड्या लागत गेल्याने रंगांचे खेळ सुरू झाले. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात पांढरे-करडे ठिपकेदार पक्षी निघाले. १९५८ मध्ये फ्लोरिडात पिवळसर पांढऱ्या रंगाचा, लाल डोळ्यांचा ‘लुटिनो’ आला. नंतर मोतिया, दालचिनी, पांढऱ्या तोंडाचे, असे प्रकार येत गेले. रंगासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावण्याची किंमत पक्ष्यांनी दिली. पुष्कळ लुटिनोंच्या तुऱ्यामागे टक्कल असते. बाजारात हाच पक्षी ‘स्पेशल’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो.

रंग बदलले, पिढ्या बदलल्या. पण त्याचे शरीर अजून ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातच राहते. निगेचा प्रत्येक नियम तिथून येतो.

रानातून आलेले नियम

रानातला कॉकटील माळावरचा भटक्या आहे. पाऊस पडला, गवत पोटरीला आले की थवा तिथे उतरतो. पाणी आटले की पुढे जातो. झाडावर बसून फळे खाण्यापेक्षा जमिनीवर चालत दाणे वेचणे त्याला आवडते. ऑस्ट्रेलियातल्या ज्वारीच्या आणि सूर्यफुलाच्या शेतांवरही त्याचे थवे उतरतात आणि तिथले शेतकरी त्याला तशाच शिव्या घालतात, जशा आपले शेतकरी राघूला. दोन देशांतले दोन चोर, पीक मात्र तेच ज्वारीचे.

यातून पहिला नियम निघतो, आहाराचा. राघूला मिरची, पेरू, भिजवलेली डाळ चालते, म्हणून आपण कॉकटीलपुढेही तेच ठेवतो. तो त्यात चोच घालत नाही, आणि मग आपण त्याला मूठभर सूर्यफूल देतो. ते तो आवडीने खातो, कारण त्यात तेल असते. रानात ते तेल उडण्यात जळते. पिंजऱ्यात ते यकृतावर चढते. त्याचे खरे अन्न म्हणजे बाजरी, राळा अशी बारीक तृणधान्ये, आणि तीही हिरवी, दुधाळ असतील तर उत्तम. रानात तो निबर दाण्यापेक्षा कोवळा दाणा पसंत करतो. म्हणून धान्य भिजवून मोड आणून द्यावे, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कोवळे कणीस टांगावे. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पालक, किसलेले गाजर रोज थोडे थोडे पुढे ठेवावे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठात १९८० च्या दशकात टॉम राउडीबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर आहाराचे प्रयोग केले. पिल्लांच्या वाढीला सुमारे २० टक्के प्रथिने लागतात, असे त्यांना आढळले. नुसत्या कोरड्या दाण्यात तेवढी नसतात, आणि अ जीवनसत्त्व तर जवळजवळ नसतेच. म्हणून तयार गोळीखाद्याचीही सवय लावावी, पण एकदम नव्हे, आठवड्यांच्या बेताने. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा सळयांना अडकवावा. तो आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातही मिळतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते. आठवड्याला पुरेल तेवढेच आणावे आणि वास घेऊन पाहावे. चॉकलेट आणि अव्होकॅडो त्याला विष आहेत.

दुसरा नियम जागेचा. घुमटाकार पिंजरा दिसायला छान, पण त्यात पक्ष्याला फक्त वरखाली चढता येते. हा पक्षी सरळ, आडवा उडणारा आहे. त्याला लांबी हवी, दोन्ही पंख पूर्ण पसरता यायला हवेत. सळयांमधले अंतर अर्ध्या ते पाऊण इंचाच्या आत असावे. बसायला एकाच जाडीची गुळगुळीत काठी दिली की तळव्यांना फोड येतात. पेरूची किंवा कडुनिंबाची वेडीवाकडी फांदी दिली की पाय निरोगी राहतात. रोज तास-दोन तास पंखा बंद करून, खिडक्यांना जाळी लावून त्याला खोलीत सोडावे.

तिसरा नियम सोबतीचा आणि तो आपल्या परंपरेच्या सर्वांत विरुद्ध जातो. राघू एकटा ठेवला तर माणसाशी बोलतो, हा आपला शतकांचा अनुभव. कॉकटील बोलण्यासाठी प्रसिद्ध नाही. नर शीळ घालतो, एखादी धून उचलतो. मादी बहुधा तेही करत नाही. पहिली पिसे झडेपर्यंत, म्हणजे सहा-नऊ महिन्यांपर्यंत, नर-मादी सारखेच दिसतात. त्यामुळे ‘बोलणारा नर’ म्हणून आणलेले पिल्लू पुढे अंडे घालते आणि घर हिरमुसते. थव्यातला पक्षी जोडीदार नजरेआड झाला की हाक देतो आणि उत्तराची वाट पाहतो. आपण दुसऱ्या खोलीत गेल्यावर तो किंचाळतो ती हीच हाक. तिला ओरडून उत्तर देऊ नये, शिळेने द्यावे. मी ज्या घरांत कॉकटील पाहिले, तिथे पिसे उपटणारे पक्षी बहुतेक एकटे होते आणि दिवसभर घराला कुलूप असे. वेळ नसेल तर जोडी ठेवावी, आणि तेही जमणार नसेल तर पक्षी आणू नये.

चौथा नियम उजेडाचा. रानात पाऊस, दाणा आणि लांब दिवस जुळून आले की वीण सुरू होते. चार ते सहा अंडी; नर-मादी दोघेही आळीपाळीने बसतात. आपल्या घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट, वाटी कायम भरलेली आणि कोपऱ्यात एखादे खोके. मादीच्या शरीराला वाटते, वर्षभर सुगी आहे. ती एकामागून एक अंडी घालते, हाडांतला चुना संपतो, अंडे अडकते आणि ती मरते. रात्री दहा-बारा तास पिंजऱ्यावर कापड टाकून अंधार आणि शांतता देणे, खोके काढून टाकणे, एवढ्याने कित्येक माद्या वाचतील.

पण हा अंधारही मिट्ट नको. जमिनीवर चरणारा पक्षी धोका जाणवला की क्षणात सरळ वर झेपावतो. रानात त्याने त्याचा जीव वाचतो; पिंजऱ्यात तो सळयांवर आपटतो. रात्री मांजर, मोटारीचा हॉर्न, फटाका, काहीही पुरते. जाणकार याला ‘रात्रीची दहशत’ म्हणतात आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत कॉकटील यासाठी बदनाम आहे. जवळ एक मंद दिवा ठेवावा. दिवाळीच्या चार रात्री पिंजरा आतल्या खोलीत, भिंतीलगत, दारे-खिडक्या लावून ठेवावा.

पाचवा नियम हवेचा. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखायला लहान प्राणी न्यावेत, असे सुचवले. तेव्हापासून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी उतरले आणि १९८६ पर्यंत ते तिथे होते. पक्ष्याची श्वसनसंस्था इतकी कार्यक्षम असते की विष आधी त्याला भिनते. आपले स्वयंपाकघर ही त्याची खाण. नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ आपल्याला कळतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. उदबत्ती, डासांची कॉइल, फवारे, फटाक्यांचा धूर यांचेही तेच. उलट बाजूने, कॉकटीलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते आणि दमेकऱ्याला तिचा त्रास होतो. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापारातून पसरलेल्या सिटॅकोसिस या तापाने युरोप-अमेरिकेत माणसे दगावली आणि अमेरिकेने पोपटांची आयातच रोखली. तो रोग कॉकटीललाही होतो. तळाचा कागद रोज बदलावा, वाळलेली विष्ठा झाडू नये, ओली करून पुसावी, आणि सुस्तावलेल्या पक्ष्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

शेवटचा नियम डोळ्यांचा. थव्यात आजारी दिसणारा पक्षी ससाण्याचा पहिला घास होतो, म्हणून आजार लपवणे हे त्याच्या रक्तात आहे. तो फुगून तळाशी बसलेला दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याचे वजन ऐंशी ते शंभर ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. माझ्या एका वहीत दर रविवारी दोन आकडे लिहिले जातात. दहा टक्के घट म्हणजे दवाखाना, ही खूणगाठ मी बांधली आहे.

उडण्याचा हक्क

१९६० साली आपल्याकडे प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमानुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांना दार लावले त्याच सुमाराला आपण पिंजऱ्याच्या मापाबद्दल कायदा केला. दुकानांसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम आले. आधी २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, अशी भूमिका घेतली.

ही भूमिका वाचून मन हलते. राघूच्या बाबतीत तिचा अर्थ सरळ आहे: पिंजऱ्याबाहेर त्याचे आकाश आहे, त्याची जात आहे, त्याची ढोली आहे. इतकेच काय, लंडनमध्ये सुटलेल्या राघूंनी १९७० च्या आसपासपासून तिथल्या थंडीतही बस्तान बसवले. पण पुण्यातला किंवा नागपुरातला कॉकटील दार उघडून सोडला, तर ते कुठले स्वातंत्र्य? त्याचा थवा इथे नाही, त्याने कधी दाणा शोधलेला नाही, आणि पांढराशुभ्र लुटिनो तर कावळ्या-घारींना दुरून दिसतो. पुण्य म्हणून त्याला उडवून देणारे लोक त्याला मरायला सोडतात. त्याच्यासाठी परतीचे रान उरलेले नाही. ऑस्ट्रेलियात त्याची जात विपुल आहे. हा एक पक्षी मात्र दोनशे वर्षांच्या व्यापाराने घडवलेला, कुठल्याच देशाचा नसलेला रहिवासी आहे.

म्हणून मला वाटते, कॉकटीलबाबत प्रश्न पिंजऱ्याच्या दारापाशी सुटत नाही. तो दुकानाच्या दारापाशी सुटतो. हा पक्षी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. आज पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला पक्षी त्या मुलाच्या लग्नातही घरात असू शकतो. एवढा काळ त्याला जागा, सोबत, अंधार आणि स्वच्छ हवा देता येईल का, हे आधी स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर कठड्यावर पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. येणारा राघू पाणी पिईल, विठू म्हणणार नाही, आणि निघून जाईल. उत्तर ‘हो’ असेल, तर आपल्याकडे येणारा पक्षी राघू नाही, एवढे मनाशी पक्के धरावे. राघूला सांभाळायला आपल्याकडे दोन हजार वर्षांच्या गोष्टी होत्या. कॉकटीलची गोष्ट मराठीत अजून तयार व्हायची आहे, आणि ती पढवून होणार नाही. रोज त्याच्याकडे पाहून, त्याची हाक ऐकून, वहीत वजन लिहून होईल.